चौतिसावं आवर्तन

मेडिकलच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर,
रात्री सव्वादोनला
माझ्या हातात बोटाच्या पेराएवढी नळी.
चिकटपट्टीवर निळी शाई:
शेवंता मरसकोल्हे, ३८, देवलापार.
ताप, दिवस नववा.

नमुन्यासोबत तिच्या नवऱ्यानं कागदांची पिशवीही वर पाठवलीय,
कुणी मागितली नव्हती तरी.
देवलापार: मलेरिया नाही.
रामटेक: टायफाइड, पुढे प्रश्नचिन्ह.
पुन्हा रामटेक: डेंगी नाही, पुढे उद्गारचिन्ह, का कोण जाणे.
मनसरच्या डॉक्टरनं नुसतंच लिहिलंय, सलाईन दोन.
एकेका दारावर थाप,
आतून उत्तर, इथं नाही राहत.
दर दाराला एक दिवस,
दर दिवसाची एक बुडालेली मजुरी.

मी सगळ्या आळीलाच एकदम हाक मारते.
पॅनेलवर बावीस नावं आहेत.
यंत्र आलं त्या दिवशी लादी पुसता पुसता
सुगंधाबाई रंगारी म्हणाल्या होत्या,
"म्हणजे जंतूंची हजेरीच म्हणा नं, बाप्पा!"

हजेरीच.
पण इथं जो गप्प बसला तो गैरहजरच, असं नाही,
आणि जो हजर म्हणाला त्यानंच काच फोडली, असंही नाही.
मागच्या महिन्यात गड्डीगोदामच्या एका पोराच्या घशातून
चौघांनी हात वर केले.
तिघं नुसते भाडेकरू होते.
कोणते तिघं, ते यंत्रानं सांगितलं नाही.

किटची किंमत मी सांगत नाही.
तो आकडा डोक्यात असला की पिपेट थरथरते.
वॉर्डात आज तापाचे अकरा. किट उरलेत तीन.
बाकीच्या आठांना असं काही असतं
हेच माहीत नाही.

दहावं आवर्तन. पडदा सपाट.
वीस. सपाट. अजनीकडे मालगाडीचे डबे जोडताहेत,
खिडकीची काच किणकिणते.
सव्विसाव्याला तपासणीची आपली रेघ उठते,
ती उठायलाच हवी, ती घरचीच.
तीस.
बत्तीस. मी बाटलीतलं पाणी संपवते.
चौतिसाव्याला
एक रेघ कोपरावर टेकून मान वर करते,
हाक दुसऱ्याच कुणाला होती का, अशी.

नाव: स्क्रब टायफस.
गवतातल्या, खसखशीहून बारीक किड्याचं देणं.
पण इतक्या उशिरा, इतकी फिकट.
हिच्यावर सही करायची?

फोन लावते. इंटर्न गजघाटे, तिसरी रात्र जागा.
"काळा डाग पाहिला का? काखेत, कमरेला?"
"मॅडम, केसपेपरवर काही नाही."
"केसपेपरवर नाही रे. अंगावर."

फोन चालूच राहतो.
पडदा ओढल्याचा आवाज. बनसोड सिस्टर,
"शेवंताताई, जरा कुशीवर व्हा."
मग एक कोरडा आवाज, पहिल्यांदाच,
नळीतला नव्हे, माणसाचा:
"थो? थो त पंधरा दिसापासून हाय.
दुखत नाही, खाजत नाही.
कोनं इचारलं असतं त सांगतली असती."

पेटीकोटच्या नाडीखाली,
विडी टेकवून विझवावी तेवढा.
काळी खपली, भोवती लाल कड.

ज्या गोळीनं ती बरी होईल
ती देवलापारच्या कपाटातही होती,
कदाचित वरच्याच फळीवर.

मी अहवाल भरते. एका ओळीत, आढळला.
एकवीस ओळींत, आढळला नाही.
नुसतं नाही लिहायची मला मुभा नाही,
आणि ते बरंच आहे.

पुढची नळी.
हरिचंद सोमकुंवर, ५२, बिनाकी. ताप, दिवस बारावा.
चाळीस आवर्तनं होतात. घरच्या रेघेखेरीज
कुणीच उठत नाही.
खाली अजनी चौकात पोहेवाल्याच्या शटरचा आवाज येतो.
मी वॉर्डचा नंबर फिरवते.
काय विचारायचं ते अजून ठरलेलं नाही.